काकांनी शिकवलेली शेवटची हाक

काकांनी मला फसवलं. माझ्याच जमिनीवर, माझ्या शेजारी बसून, माझ्या डोळ्यांदेखत फसवलं, आणि दर वेळी वर पाठीवर थाप मारून म्हणाले, "पुढच्या वसंतात बघू, शेठ." मी धंद्यातला माणूस आहे. कोल्हापुरात चादरी विकत वाढलो, टेक्सासमध्ये मोटेलच्या काउंटरमागे उभा राहून सुरुवात केली, आणि आज इथे प्लेनो शहराच्या आसपास मला जमीन विकायला येणारा माणूस दोनदा विचार करून येतो. अशा माणसाला एका निवृत्त पूल-तपासनिसाने रानटी टर्कीच्या नादी लावून गंडवावं, ही गोष्ट मी गिळून टाकणार नाही.

काका मूळचे नागपूरचे. उभं आयुष्य त्यांनी टेक्सासच्या आडरस्त्यांवरचे पूल तपासण्यात घालवलं. पुलाखाली उतरायचं, खांब ठोकून बघायचे, भेगांचे फोटो काढायचे. पुलाखाली ओढा असतो आणि ओढ्याकाठी टर्की असते. थँक्सगिव्हिंगच्या सणाला ओव्हनमध्ये जाते ती फोपशी पांढरी कोंबडी डोळ्यांसमोर आणू नका. रानटी टर्कीचा नर उन्हात आला की त्याच्या पिसांवर तांब्याच्या भांड्यासारखी चकाकी येते. तो घोड्यासारखा धावतो, एवढा जड असून उडतो, आणि तुम्ही पापणी हलवलीत तर त्याला दिसतं. काकांनी पहिला नर पाहिला तो एका पुलाखाली, आणि त्या दिवशी त्या पुलाची तपासणी राहून गेली, असं ते स्वतः अभिमानाने सांगायचे.

भेटेल त्याला ते 'जय भीम' म्हणत. आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना, दातांच्या डॉक्टरला, पेट्रोल पंपावरच्या माणसाला. माझ्या जमिनीला लागून गुरं पाळणारी एक गोरी म्हातारी आहे. तीसुद्धा पिकअपमधून हात उंचावून ओरडायची, "जे भीम, डॉक!" काका डॉक्टर नव्हते. तिचा तसा समज झाला होता आणि काकांनी तो कधी दुरुस्त केला नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

जमीन मी विकण्यासाठीच घेतली होती. प्लेनोहून पश्चिमेला काही तासांचा ड्राइव्ह, मधून एक ओढा, काठाने पेकान आणि ओकची जुनी झाडं. शहर आज ना उद्या तिकडे सरकणार, हा माझा हिशेब. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत कोणीतरी काकांना सांगितलं की याने ओढ्याकाठी जमीन घेतली आहे. काका हातातली प्लेट घेऊन रांग सोडून माझ्याकडे आले.

"ओढ्याला पाणी किती महिने असतं?"

"मला काय माहीत? मी विकायला घेतलीय."

"मग विकायच्या आधी एकदा दाखव ना बाप्पा."

त्या वसंतात मी त्यांना घेऊन गेलो. फाटक उघडतोय तोच एका कंत्राटदाराचा फोन आला. त्याने मोटेलच्या छपराचं काम अर्धवट टाकून दुसरीकडे माणसं पळवली होती. मी त्याच्यावर जो आवाज चढवला! आणि माझं वाक्य संपता संपता ओढ्याच्या बाजूने कोणीतरी मला उत्तर दिलं. तोंडात पाण्याची गुळणी धरून एखादा पहिलवान खदाखदा हसेल, तसा आवाज. मी पुन्हा ओरडलो, पुन्हा उत्तर. फोन कानाला तसाच.

काका फाटकाला धरून हसत होते. "नर आहे बे! मोठा आवाज झाला की त्याला गप्प बसवत नाही. ढग गडगडले की बोलतो, गाडीचं दार आपटलं की बोलतो. तुझ्याशी त्याचं जमणार. ओरड अजून!"

मी ओरडलो. कंत्राटदाराने फोन केव्हाच ठेवला होता, तरी ओरडलो. खरं सांगतो, इतक्या वर्षांत माझ्या रागाला इतक्या उत्साहाने कोणी दाद दिली नव्हती.  हा पक्षी मला पाहिजे, हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

सौदा फाटकावरच झाला. "तू मला फाटकाची चावी दे," काका म्हणाले, "मी तुला नर बोलावून देतो. बंदूक तुझी, आवाज माझा." इकडे शिकारीसाठी दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल ठेवायचं तर लोक मोसमाचं भाडं भरतात. मी ते मागितलं नाही. उलट मनात म्हटलं, म्हातारा फुकटात मिळाला. हातात हात दिला. माझ्या धंद्यात हातात हात दिला की कागदाची गरज नसते, हे मी काकांना सांगितलंही होतं. त्यांनी मान डोलावली होती.

मी शिकाऱ्यांचा कोर्स केला, लायसन्स काढलं, पानापानांच्या नक्षीचे कपडे घेतले. मोसमाच्या पहिल्या पहाटे काकांनी माझी अशी झडती घेतली की विमानतळावरसुद्धा घेत नाहीत. वसंतात नराचं डोकं लाल, पांढरं आणि निळं दिसतं, म्हणून शिकाऱ्याच्या अंगावर या तिन्ही रंगांचा ठिपकासुद्धा नको. दुसऱ्या कोणी शिकाऱ्याने झुडपात लाल काही हललेलं पाहिलं, की नर समजून तो गोळी घालतो. काकांनी माझे मोजे तपासले, रुमाल काढून घेतला आणि मनगटावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"सत्यनारायणाचा दोरा. रविवारी पूजा होती."

"काढ."

"काढायचा नसतो काका. बायकोने बांधून घ्यायला लावलाय."

"अबे, लाल आहे! सोडचिठ्ठी परवडली, छर्रे परवडणार नाहीत. काढ, नाहीतर मी चाललो."

मी खवळलो. गाडीच्या दिव्यात उभे राहून आम्ही दोघे एका दोऱ्यावरून भांडलो. शेवटी त्यांनी डिकीतून तपकिरी रंगाची चिकटपट्टी काढली आणि माझ्या मनगटावर पूल दुरुस्त करावा तशी गुंडाळली. घरी गेल्यावर ती निघता निघेना. बायको म्हणाली, "काका म्हणजे काका आहेत!" मुलगी म्हणाली, "डॅड, यू लुक लाइक अ पार्सल."

काकांचं हत्यार म्हणजे पाटी. टर्कीच्या मादीचा आवाज काढायला इथे दुकानात गोल स्लेट आणि लाकडी काडी मिळते. काकांनी दुकानातली घेतली नाही. नागपूरहून आणलेली शाळेची पाटी त्यांनी कापून गोल केली होती. मांडीवर ती पाटी धरून काडी अशी फिरवायचे की आपल्या दातांना कळ येणारी तीच ती करकर एकदम लाडिक होऊन जायची. मादी बोलावते आहे, असं मलाही वाटायचं, मग नराचं काय घेऊन बसलात!

मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "अजून वाजवा ना, तो उत्तर देतोय!"

"धंदा कोण करतं, तू का मी?" काका कुजबुजले. "निसर्गात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. आपण उलटं मागून राहिलो. त्याने आपल्याकडे यायला पाहिजे. गरज दाखवली की तो जागेवर उभा राहून भाव खाणार. एकदा विचारायचं आणि गप्प बसायचं. दुकानातून उठून निघाल्यासारखं करायचं."

 माझी आख्खी विद्या त्यांनी ओकच्या बुंध्याला पाठ टेकून मला सांगितली. आणि मला ती जमत नव्हती! माणसासमोर मी तासभर गप्प बसून भाव पाडतो, पण तो नर पलीकडून गरजला की माझा हात काकांच्या पाटीकडे जायचा.

एक सकाळ मी विसरू शकत नाही. उजाडताना नर पेकानवरून धप्पकन खाली उतरला. काकांनी एकदा पाटी घासली आणि काडी खिशात ठेवली. मग नुसती वाळलेली पानं हाताने उकरत राहिले, मादी चरते आहे असं वाटावं म्हणून. नर तिकडून गरजला. काका गप्प. तो जवळून गरजला. काका गप्प. मग गवताच्या कडेवर आधी पिसारा उगवला. घडीचा पंखा उघडावा तसा तो फुलला, पंखांची टोकं जमिनीवर घासली, छातीवरचा केसांचा झुपका लोंबला, डोकं रक्तासारखं लाल झालं, आणि त्याच्या घशातून एक हुंकार आला जो कानाला नाही, छातीला ऐकू येतो. माझ्या टप्प्यात! माझ्या बंदुकीच्या टोकापुढे!

काकांनी मला आधीच शिकवून ठेवलं होतं. पिसारा फुललेला असताना मान आखडलेली असते, तेव्हा गोळी घालायची नाही. "मी शेवटची हाक देतो. त्याने मान वर केली की एक श्वास घ्यायचा, सोडायचा, मग चाप ओढायचा."

काडी पाटीवर पडली. टक्! टक्! कोरडा, तीक्ष्ण आवाज. नराने मान ताठ केली. मी श्वास घेतला. श्वास सोडला. समोर गवत हलत होतं. नर नव्हता.

"लाजला," काका म्हणाले.

असे किती वसंत गेले! प्रत्येक वेळी नर यायचा, शेवटची हाक व्हायची, मी श्वास घ्यायचो. प्रत्येक वेळी दोष माझा निघायचा. कधी माझा गुडघा वाजला, कधी बंदूक चमकली. एकदा म्हणाले, "तुझ्या आफ्टरशेव्हचा वास गेला त्याच्यापर्यंत." मी पुढचे दोन वसंत दाढी वाढवून बसलो. माझ्यासारखा माणूस!

याच काळात बिल्डर माझ्यामागे लागला होता. ओढ्याकाठी घरं, तळं, चालायला रस्ता, असा नकाशा घेऊन तो यायचा. मी दर वेळी म्हणायचो, हा मोसम जाऊ दे, मग बोलू. मी भाव वाढवतोय असं त्याला वाटायचं. मलाही तसंच वाटायचं.

काका उन्हाळ्यात एकटेच चावी घेऊन जायचे. मादीमागे पिल्लं किती आहेत ते बघायला. परत आले की मला फोन. मी "कसे आहात" म्हणायच्या आत सुरू व्हायचे. "रानडुकरांनी घरटी उकरून खाल्ली बे! अंडी, सगळं!" किंवा, "मे महिन्यात गार पाऊस झाला ना, पिल्लं भिजून गेली असणार." आनंदही असाच अंगावर यायचा. एका जूनमध्ये मी बँकेच्या मीटिंगमध्ये होतो आणि फोनवर काका ओरडत होते, "पिल्लं! मांजरीएवढी झाली! उडून फांदीवर बसली!" समोरच्या बँकवाल्याने विचारलं, घरी बाळ झालं का? मी हो म्हटलं. आणखी काय सांगणार?

टर्की या देशात एकदा संपत आली होती, हे मला त्यांनीच सांगितलं. लोकांनी वाटेल तशी मारली, जंगलं तोडली, आणि मग त्याच देशाने उरलेली जाळ्यात पकडून, खोक्यांत घालून, गाड्यांतून जिथे नव्हती तिथे नेऊन सोडली. ती वाढली, फोफावली. आणि आता पुन्हा कितीतरी राज्यांत कमी होऊ लागली आहे. कोणी म्हणतं पाऊस, कोणी म्हणतं घरट्यांचे चोर, कोणी म्हणतं गवताळ जागा राहिल्या नाहीत. "एकदा संपवून परत आणलेला पक्षी आहे हा," काका म्हणायचे. "दुसऱ्यांदा कोण आणून देणार?" पूर्वी ते स्वतः दर वसंतात एक नर मारायचे आणि त्याच्या तंगड्यांचा सावजी रस्सा करायचे. तो रस्सा खाऊन मंडळाचे खजिनदार घाम पुसत बाहेर जाऊन उभे राहिले होते. हल्ली मात्र काका बंदूक आणतच नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "खांदा दुखतो." मी विश्वास ठेवला.

मग काकू गेल्या आणि काकांची मुलगी त्यांना पार पश्चिम किनाऱ्याला, सांता क्लाराला घेऊन गेली. निघताना त्यांनी चावी परत केली आणि पाटी माझ्या हातात ठेवली. "सगळं विसरलास तरी चालेल. शेवटची हाक विसरू नको." माझे डोळे भरून आले होते, हे लिहितानाही संताप येतो.

या वसंतात मी शेजारच्या म्हातारीला सोबत घेतलं. आम्ही त्याच ओकखाली बसलो. मी पाटी एकदा घासली, काडी खाली ठेवली आणि गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा खरोखर गप्प. आणि नर आला! एकटाच, वयस्कर, छातीवरचा झुपका जवळजवळ जमिनीला टेकलेला.  म्हातारीने कोपराने ढोसलं, "मार!" मी डोळ्यांनी खुणावलं, थांब, मला रीत ठाऊक आहे. मी काडी उचलली. टक्! टक्!

मान ताठ. श्वास. गवत.

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. "हे काय केलंस?"

"शेवटची हाक. काकांनी शिकवलीय."

"डॉकने?" तिने ती हाक मला पुन्हा वाजवायला लावली. मग हसू लागली. टोपी पडेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अरे देवा! हळूच, मऊ वाजवलं असतंस तर त्याने नुसती मान वर केली असती. हा तर धोक्याचा इशारा आहे. कोयोट कोल्हा दिसला की टर्की हाच आवाज काढते. पळा, जीव वाचवा!"

"आणि आफ्टरशेव्ह?"

"टर्कीला वासाचं फारसं काही कळत नाही रे बाबा."

मी तिथूनच फोन लावला.

"जय भीम, शेठ! नर बोलला का?"

"काका, तुम्ही मला फसवलं!"

पलीकडे खुर्ची करकरली. मग ते म्हणाले, "कोणी सांगितलं? म्हातारीने?"

"म्हणजे खरं आहे?"

"खरं आहे ना बाप्पा. काहून ओरडून राहिला? इथे मुलीच्या गल्लीत टर्की फिरतात, तुझ्या आवाजाने बोलतील." खरंच मागून कसलातरी खदखदाट ऐकू आला. त्या गावात त्या रस्त्यावरून फिरतात म्हणे, आणि माणसं त्यांच्यासाठी गाड्या थांबवून वैतागतात.

"का केलंत असं?"

"तुला ओळखतो म्हणून. मोटेल घेतलंस, चाललं, विकलंस. पंप घेतलास, चालला, विकलास. जे हातात आलं ते तू विकतोस. जे हातात येत नाही ते सोडत नाहीस. पहिल्या वसंतात नर दिला असता, तर तू फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला असतास आणि पुढच्या महिन्यात बिल्डरला बोलावलं असतंस. आज ओढ्याकाठी घरं असती. खोटं बोलतो का मी?"

मी फोन बंद केला. ते खोटं बोलत नव्हते, म्हणून तर मस्तक जास्त फिरलं.

पण मंडळाच्या या अंकाच्या वाचकांनो, माझी तक्रार नीट समजून घ्या. नर मिळाला नाही याची ती तक्रार नाही. या माणसाने माझ्याशी सौदा केला आणि त्याच्या पोटात दुसरा सौदा केला, माझ्या जमिनीचा, मला न विचारता. तोंडावर सांगितलं असतं, "जमीन विकू नको," तर मी भांडलो असतो, टेबलावर हात आपटले असते, बदल्यात काहीतरी मागितलं असतं, आणि कदाचित, कदाचितच, मान्य केलं असतं. ती संधी त्यांनी मला दिली नाही. माझ्याशी घासाघीस करण्याच्या लायकीचा त्यांनी मला समजलाच नाही. एवढा अपमान माझा कोणी केलेला नाही.

आणि आता ऐका. उन्हाळ्यात मी स्वतः गेलो होतो ओढ्यावर. माद्या दिसल्या. त्यांच्यामागे एकही पिल्लू नव्हतं. म्हातारी म्हणते, तिच्या बाजूलाही तेच. वसंतात बोलणारा नर एकच उरलाय. तो डुकरांमुळे एकटा पडला, पावसामुळे पडला, की आणखी कशामुळे, मला कळत नाही. ज्याला कळतं तो सांता क्लाराला खुर्ची टाकून बसलाय.

तेव्हा काका, हे तुम्हाला. अंक तुमच्या मुलीच्या पत्त्यावर जाईल, मी पाठवायला सांगितलं आहे. येत्या वसंताच्या आधी विमानात बसा. एअरपोर्टवर मी येतो. ओढ्यावर चला आणि तो एक नर, त्या रिकाम्या माद्या, तिथल्या गवतावर उभं राहून मला सांगा की तुम्ही माझ्याकडून राखून घेतलेला माल गेला कुठे आणि आता मी काय करायचं. डुकरांना कुंपण घालू का, गवत वाढू देऊ का, शेजारणीला सोबत घेऊ का, जे सांगायचं ते समोर बसून सांगा. या वेळी मी भाव करणार, आणि तुम्हाला करावाच लागेल. बिल्डरला मी वसंतापर्यंत थांबवून ठेवलं आहे, त्याच्या पुढे एक दिवस नाही. तुम्ही आला नाहीत, तर त्याला काय सांगायचं याचं उत्तरही तुम्हीच द्यायचं आहे.